भाऊंची काटकसर

भाऊ निवडून आले आणि ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेबही देऊन मोकळे झाले. विधानसभेला मर्यादा ४० लाखांची, भाऊंचा आकडा निम्म्यावरच थांबला. आमच्या तालुक्यात बरी लग्नं याहून महाग पडतात. पण तिथे खर्च निरीक्षक जेवायला नसतो.

हिशेबाची वही मोठी देखणी. रोजचा खर्च पांढऱ्या पानांवर, रोकड गुलाबी, बँक पिवळ्या. भाऊंची गुलाबी पानं वाचावीतच. एकाला १० हजारांच्या वर रोख द्यायची नाही असा नियम. म्हणून मांडव एकाचा, खुर्च्या त्याच्या मेव्हण्याच्या आणि सतरंज्या मेव्हण्याच्या आईच्या. वडापावचा दर निवडणूक कार्यालय ठरवून देतं, नग मात्र उमेदवाराने मोजायचे. मैदान तुडुंब भरलं, वडे शंभर. उरलेल्यांची एकादशी असावी.

मग त्या गाड्या, ते ढाबे, ती पाकिटं? भाऊंना कल्पनाच नाही. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने केलेला खर्चच कायदा धरतो, आणि भाऊंनी संमती म्हणून कशाला दिली नाही. नेत्यांचं हेलिकॉप्टर पक्षाच्या खात्यात, पक्षाला मर्यादाच नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या नावावर धरा म्हटलं, तर सरकारने महिन्याच्या आत वटहुकूम काढला. पीकविम्याच्या शेतकऱ्याने हा वेग नुसता ऐकावा.

गोपीनाथ मुंडे २०१३ साली जाहीर कार्यक्रमात बोलून गेले, की २००९ च्या लोकसभेला ८ कोटी लागले. मर्यादा २५ लाखांची होती. निवडणूक आयोगाची नोटीस आली. भाऊंच्या पिढीने त्यातून धडा घेतला: भाषणात आकडे टाळावेत.

देणग्यांच्या रकान्यात पक्षाचा एक धनादेश, बाकी भाऊंची पुंजी. ठेकेदार मित्रांपैकी एकाचंही नाव नाही. मैत्रीत पैसा आणू नये, असं भाऊ मानतात. बायपासचं टेंडर निघेल तेव्हा तेही मानतील.

तरी एका गोष्टीने भाऊ कष्टी आहेत. हिशेब न ठेवल्याचा दंड जुन्या दंड संहितेत ५०० रुपयांपर्यंत होता, नव्या न्याय संहितेने तो ५,००० वर नेला. ‘‘सामान्य माणसाने निवडणूक लढवायची कशी?’’ भाऊ परवा विचारत होते. मग म्हणाले, ‘‘असू दे. वेळ आलीच तर कार्यकर्ते भरतील.’’