चेहऱ्याची ना हरकत

कसाऱ्यात पोर्ट्रेट काढणाऱ्याच्या दारात गिऱ्हाईक दोनच कारणांनी येतं. ऑफिसातल्या साहेबांचा निरोप समारंभ ठरलेला असतो, नाहीतर घरात कुणाचं तरी वर्षश्राद्ध जवळ आलेलं असतं. साहेबांना केस वाढवून द्यायचे असतात, वडिलांना कोट घालायचा असतो. "हयातीत कधी कोट घातला नाही हो त्यांनी, आता तरी घाला," असं मुलगा गहिवरून सांगतो. कोटाचे पैसे वेगळे, म्हटलं की गहिवर ओसरतो आणि वडील सदऱ्यावरच राहतात.

फोटो येतो व्हॉट्सॲपवर. तोही भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाईलवर काढलेला. काचेत ट्यूबलाइट, ट्यूबलाइटखाली फोटो काढणाऱ्याचं पोट, आणि या दोघांतून जागा उरेल तिथे कैलासवासी. नाहीतर लग्नाच्या ग्रुपमधून कापलेले काका, खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच. "तो हात तेवढा उडवा, त्यांच्याशी आता आमचं बोलणं नाही." आधार कार्डावरचा फोटो पाठवून "थोडं हसरं करा" म्हणणारेही भेटतात. आधार कार्डावर हसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

अशा धंद्यात एखादा खरोखरचा चांगला फोटो हाती लागला तर चित्रकाराची काय अवस्था होते ते दुसऱ्या चित्रकारालाच कळेल. खर्डीकडच्या एका गृहस्थांनी आईचा फोटो पाठवला. माहुलीच्या पायथ्याला, आसनगावच्या रस्त्यावर म्हातारी करवंदांची पाटी घेऊन बसलेली. वर निळी ताडपत्री. ताडपत्रीतून झिरपलेला निळसर उजेड एका गालावर, आणि दुसऱ्या गालावर मे महिन्याचं धड ऊन. एका हातात पळसाच्या पानाचा द्रोण, दुसऱ्या हाताची बोटं करवंदांच्या चिकाने काळी पडलेली. फोटो काढणाऱ्याकडे तिनं असं पाहिलंय की, घ्यायची असतील तर घे, नसतील तर ऊन सोड.

मुलाची ऑर्डर मात्र वेगळी. आईला पैठणी नेसवायची, गळ्यात ठुशी, मागे गडद पडदा, पाटी आणि ताडपत्री गायब. मी म्हटलं, ठीक. पोटासाठी मी याहून मोठे पडदे रंगवलेत. पण मनात दुसरंच चित्र तयार व्हायला लागलं होतं. याच फोटोवरून, माझ्यासाठी, पाटीसकट. मुंबईत प्रदर्शनात लावायचं. त्यासाठी परवानगी हवी.

मुलाला विचारलं. आधी तो म्हणाला, "त्यात काय विचारायचं पेंटर, तुमचंच आहे." मग पाटी राहणार हे ऐकलं आणि चेहरा बदलला. "आता आमचं दुकान आहे, गाडी आहे. लोक म्हणतील, आईला अजून करवंदं विकायला बसवलंय." शिवाय थोरल्या भावाला विचारायला हवं. थोरला म्हणाला, बहिणींना विचारा. बहिणी म्हणाल्या, मामांना. कसाऱ्याला मेल गाडी आली की तिला मागून जादा इंजिन लावतात. आम्ही त्याला बँकर म्हणतो. 37 फुटांना एक फूट असा घाटाचा चढ त्याशिवाय चढत नाही. आमच्याकडच्या घरांतला निर्णयही तसाच, मागून मामा लागल्याशिवाय हलत नाही. मामा आले, चहा झाला, मामांनी विचारलं, "किती मिळतील?" चित्र विकलं गेलं तर बघू, म्हटल्यावर मामांचा रस गेला आणि त्यांनी परवानगी दिली.

हे सगळं चाललेलं असताना म्हातारी पडवीत बसून वाल सोलत होती. कुणी तिच्याकडे बघितलंही नव्हतं. शेवटी तीच बोलली. "तोंड माझं, आन परवानगी ह्यांची?" मग मला जवळ बोलावून तिनं अटी घातल्या. पाटी अर्धी दाखवायची, भरलेली दाखवली तर गिऱ्हाईक फिरकलं नाही असं वाटतं. पैठणी नको, उकडतं. आणि त्या मुंबईच्या हॉलात कुणाला हार घालू द्यायचा नाही. ही शेवटची अट फार शहाणपणाची. आपल्याकडे फ्रेममधला म्हातारा चेहरा दिसला की लोकांचे हात आपोआप फुलांकडे जातात.

आता उरला एकच किरकोळ प्रश्न. हा फोटो काढला कुणी? मुलानं नाही. त्याला मेहुण्यानं पाठवलेला, मेहुण्याला गावच्या ग्रुपवरून आलेला. फॉरवर्डचा माग काढत गेलो तेव्हा डोंबिवलीचा एक ट्रेकर सापडला. माहुलीला जाताना करवंदं घेतली, फोटो काढला, पुढे गेला. कॉपीराइटचा 1957 चा कायदा सांगतो की फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. म्हणजे दोन भाऊ, बहिणी आणि मामा मिळून चहासकट जी परवानगी मला देत होते ती त्यांच्याकडे नव्हतीच. आणि त्या कायद्यात म्हातारीला तर कुठंच विचारलेलं नाही. तिनं मात्र सगळ्यांत नीट अटी घातल्या होत्या.

ट्रेकर मोठा दिलदार. "काका, बिनधास्त वापरा," आणि खाली अंगठा. पण परवानगी लेखी असावी असं कायदा म्हणतो, आणि अंगठा उमटवलेला असला तर चालेल, पिवळ्या रंगाचा असला तर मला शंका आहे. म्हणून दोन ओळी लिहून मागितल्या, पैठणीच्या आणि पाटीच्या अशा दोन्ही चित्रांसाठी. त्यानं दिल्या. बदल्यात माहुलीच्या सुळक्यांसमोर उभं असलेलं स्वतःचं चित्र मागितलं, पोट आत घेऊन. केलं.

हा कागद कशाला, असं घरच्यांना वाटलं. त्यांना मी अमेरिकेतली गोष्ट सांगितली. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी 1981 मध्ये प्रिन्स या गायकाचा फोटो काढला. 1984 मध्ये एका मासिकानं 400 डॉलर देऊन, फक्त एकदाच, असं ठरवून तो अँडी वॉरहॉलला चित्रासाठी दिला. वॉरहॉलनं एकावर न थांबता चित्रांची मालिकाच केली. प्रिन्स वारल्यावर 2016 मध्ये त्यातलं दुसरंच एक चित्र मासिकाच्या अंकावर झळकलं, वॉरहॉलच्या संस्थेला 10,000 डॉलर मिळाले, बाईंना छदाम नाही. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2023 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी बाई जिंकल्या. एकदाच म्हणजे एकदाच. घरच्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपल्याला किती मिळतील?"

या बाबतीत चित्रकार सावळाराम हळदणकर सुटले म्हणायचे. त्यांनी हातात दिवा घेतलेल्या बाईचं ते प्रसिद्ध जलरंगातलं चित्र केलं, जे आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. मॉडेल म्हणून घरचीच मुलगी, गीता, समोर उभी केली. फोटोची भानगड नाही, फॉरवर्ड नाही, मामा नाहीत. तरी पुष्कळ लोक ते चित्र बेधडक राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात, हा भाग वेगळा.

माझं पैठणीचं चित्रही पूर्ण झालं, पैसे मिळाले. पुढे त्या गृहस्थांच्या पुतण्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स हायवेला लागला. वर पुढारी, खाली शुभेच्छुकांचे गॉगल, आणि मधोमध माझी पैठणीवाली म्हातारी, "आशीर्वाद" म्हणून. माझी सही होती त्या कोपऱ्यावर "भावी सरपंच" आलेला. मला कुणी विचारलं नव्हतं. तावातावानं कायदा उघडला तर 17 वं कलम समोर आलं. कुणी पैसे देऊन पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो, चित्रकार नाही. म्हणजे फ्लेक्सला हरकत घेणार मी कोण? 57 व्या कलमानं चित्र मी काढलं हे सांगायचा हक्क मात्र माझ्याकडे ठेवलाय. तो मी हल्ली बजावतो. फ्लेक्सखाली उभा राहून बसची वाट बघणाऱ्यांना सांगतो. काहीजण विचारतात, "भावी सरपंच पण तुम्हीच काढला का?"

तेव्हापासून ॲडव्हान्स घेण्याआधी एक कागद पुढे करतो. फोटो कुणी काढला, तो मला पुन्हा वापरता येईल का, चित्र फ्लेक्सवर जाणार का, आणि चेहऱ्याच्या मालकाला विचारलंय का. तर पोर्ट्रेटसाठी कधी कसाऱ्याला येणार असाल, तर फोटोच्या मागे काढणाऱ्याचं नाव आणि साल लिहून आणा. ज्यांचा फोटो आहे ते हयात असतील तर त्यांनाच सोबत आणा, मामांना नको. आणि फोटो कृपा करून फ्रेममधून काढून आणा. तुमच्या घरची ट्यूबलाइट मला रंगवायची नाही.