जास्वंदीचा चातुर्मास: चाळकऱ्यांसाठी प्राथमिक धडे

आधी हिवाळ्याचा प्रश्न निकालात काढू. न्यू जर्सीतली वहिनी ऑक्टोबर आला की जास्वंदीची कुंडी उचलून घरात घेते, कारण पारा दहाच्या खाली गेला की हे झाड रुसतं आणि बर्फ पडला की मरतं. तिचं ऐकून गिरगावात कुंडी हलवू नये. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, तरी कुलाब्याला ११.७ होतेच. आपल्याकडे जानेवारीत स्वेटर माणसं घालतात, झाडं नाही. इथे जास्वंद आत घ्यायची ती पावसाळ्यात.

आत म्हणजे नेमकं कुठे, हे नवशिक्याने आधी ठरवावं. दहा बाय बाराच्या खोलीत पिंप, कॉट, कपाट आणि जूनपासून न वाळणारे कपडे असतात. तेव्हा आत म्हणजे कठड्यावरून खाली उतरवून गॅलरीत, भिंतीला लागून. गॅलरी सगळ्यांची असते. कुंडी सरकवण्यापूर्वी शेजारच्या काकूंना विचारावं. विचारलं नाही तर त्या काही बोलणार नाहीत, फक्त चपलांचा स्टँड अर्धा फूट पुढे येईल.

झाड देशी घ्यावं, पाच पाकळ्यांचं, लाल. राणीच्या बागेतल्या पालिकेच्या प्रदर्शनात बशीएवढं केशरी फूल पाहून भुलू नये. ती संकरित जात लाडावलेली असते, जागा बदलली की कळ्या टाकते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात छाटणी करावी. जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटीवर, त्यामुळे जुन्या काड्या जपणाऱ्याला नुसती पानं मिळतात. एक तृतीयांश झाड बेधडक कापावं. कापताना वरच्या मजल्यावरून सल्ले येतील, त्यांना मान डोलवावी. छाटलेल्या काड्या टाकू नयेत. पावसाळी हवेत त्या चटकन मुळं धरतात, म्हणून एकेक काडी मजल्यावर वाटावी. ज्याच्या दारात स्वतःची जास्वंद आहे तो तुमची खुडणार नाही, असा यामागचा हिशेब आहे.

आता पाणी. बहुतेक जास्वंदी इथेच दगावतात. कुलाब्याला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. रंगाच्या डब्यात लावलेलं झाड त्यात बुडतं, मुळं कुजतात. डब्याच्या बुडाला खिळ्याने चार-पाच भोकं पाडावीत. खालच्या मजल्यावर कोणाचं धोतर वाळत असतं तेही पाहून ठेवावं. भोकांखाली बशी ठेवलीच तर रोज रिकामी करावी. त्यात डासांच्या अळ्या सापडल्या की पालिकेची माणसं नोटीस देतात. कुंडी सावलीत आली की पानं पिवळी पडून गळतात. हे उन्हातून सावलीत आल्याचं लक्षण, तहानेचं नव्हे. नवशिका मात्र घाबरून तांब्याभर पाणी ओततो, पुन्हा पानं गळतात, पुन्हा तांब्या. बोट दोन पेरं मातीत घालावं. ओलं लागलं तर तांब्या मोरीत ठेवून द्यावा.

लालबाग-परळकडच्यांना आणखी एक अडचण. जिथे गिरणी होती तिथे टॉवर उभा राहिला असेल, तर ऊन साडेअकराला येतं आणि दीडला जातं. कुंडी त्या दोन तासांच्या मागे गॅलरीभर फिरवावी. निवृत्त माणसाला हे काम उत्तम.

कोंदट जागेत फांदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसू लागेल. आजींना वाटेल वात अडकली. तो पिठ्या ढेकूण. त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला राखतात, म्हणून मुंग्यांची रांग दिसली की वर शोधावं. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसून काढावं, मग साबणाचं पातळ पाणी फवारावं. कडुनिंबाचं तेल चालतं, पण वासावरून चाळीची मीटिंग भरू शकते.

हे सगळं नीट पार पडलं तर भाद्रपदात कळ्या धरतील. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादरच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा घरच्या फुलाची किंमत कळते. मात्र फूल सकाळी झाडावर सापडेल या भ्रमात राहू नये. उद्या उमलणारी टपोरी कळी आदल्या संध्याकाळीच खुडून वाटीत ठेवावी. पाण्याशिवायही ती सकाळी पूर्ण उमलते. खुडायची ती दिवेलागणीच्या आत. काकूंना दिलेली काडी जुलैतच कुजली आहे, आणि कळीचं हे त्यांनाही ठाऊक आहे.