मुक्या स्पीकरची तहकीकात

ज्या बेंगळुरूकर गृहस्थाच्या दिवाणखान्यात सोनोडाइन किंवा कॉस्मिक कुळातील एखादा स्टिरिओ वडिलोपार्जित वतनदाराच्या तोऱ्यात ठाण मांडून बसला आहे, आणि ज्याचा डावा स्पीकर पूर्वसूचना न देता मुका झाला आहे, त्याने प्रथम घरच्या मंडळींच्या ‘आता काढा ते धूड’ या अर्जावर ‘चौकशी प्रलंबित’ असा शेरा मारून तो दप्तरी दाखल करावा.

जो गप्प तोच गुन्हेगार, असे मानणे न्यायाला धरून नाही. यंत्र बंद करून अँप्लिफायरच्या पाठीमागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी. मौन उजवीकडे सरकले, तर डावा स्पीकर निर्दोष ठरून संशय अँप्लिफायरवर अथवा त्याला जोडलेल्या टेपवर जातो; मौन जागचे हलले नाही, तर स्पीकर किंवा त्याची तार यांना खुलाशास बोलवावे. आवाजाची कळ फिरवताना खरखर होत असेल, तर कळीच्या पोटात काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत निष्ठेने फिरवीत राहावे. या एवढ्याशा उपचाराने कित्येक फिर्यादी आपोआप निकालात निघतात, हे मेकॅनिक जाणतात आणि सहसा बोलत नाहीत.

गुणगुणीचे प्रकरण गहन आहे. आवाज पूर्ण उतरवूनही ती कायम राहत असेल, तर वीजपुरवठ्यातील फिल्टर कंडेन्सर आतून सुकले असावेत. प्लग काढल्यानंतरही हे पदार्थ विद्युत्संचय राखून असतात, म्हणून तेथे जाणत्याखेरीज कोणी बोट घालू नये. दुरुस्तीनंतर यंत्र एकदम २३० व्होल्टांच्या स्वाधीन न करता, मधे तारेचा जुना १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तो लखलखत राहिला, तर आत शॉर्ट आहे असे समजून बटण तत्काळ बंद करावे.

नवे कंडेन्सर आणण्यास सदर पत्रप्पा रस्त्यावर, म्हणजे लोकव्यवहारातील एस. पी. रोडवर, जाणे प्राप्त आहे. १६३८ नंतर हा मुलूख शहाजीराजांची जहागीर होता, या कारणाने येथील मराठी माणसाच्या मनात जो सूक्ष्म ताठा वसत असतो, तो त्या गल्लीत शिरण्यापूर्वी आवरावा. चार हात रुंदीच्या दुकानातला मालक तुमचा जुना कंडेन्सर उजेडाकडे तिरपा धरील, त्यावरील पुसट आकडे वाचील आणि ‘सिगल्ला सार’ म्हणून तो परत करील. हा अंतिम हुकूम नव्हे. मुकाट्याने उभे राहावे. काही वेळाने तोच मागच्या खणातून एक नग काढून पुढे ठेवतो. मायक्रोफॅरडचा आकडा तोच असावा. व्होल्टचा आकडा जुन्याइतका किंवा त्याहून अधिक चालेल, कमी मुळीच नको.

आता सुधारणा. महागड्या तारांच्या जाहिराती वाचू नयेत. अँप्लिफायरच्या छिद्रांवर पसरलेला क्रोशाचा रुमाल व त्यावरील गणपती अन्यत्र हलवावेत, म्हणजे यंत्राची ऊब बाहेर पडेल. मात्र हा विषय आईंच्या अखत्यारीतला असल्याने आगाऊ मंजुरी घ्यावी. त्यानंतर तारा सोडवून १.५ व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभरच टेकवावा: पडदा पुढे सरकला, तर सेलचे धन टोक ज्याला टेकले ते स्पीकरचेही धन टोक. दोन्ही स्पीकरांची ही टोके अँप्लिफायरच्या लाल खुणेलाच जोडावीत. एकाची जोडणी उलटी राहिली, तर दोघे परस्परांचा खर्ज खाऊन टाकतात आणि तबला पत्र्याचा वाटू लागतो.

खर्ज परतल्यावर खालच्या मजल्यावरून तक्रार येईल. तिला दुरुस्तीचा अधिकृत दाखला समजावे, येणाऱ्यास फिल्टर कॉफी द्यावी, आणि त्यांच्याकडचा स्टिरिओ कोणत्या कुळातला, एवढे विचारून घ्यावे.