परभणीत पोरपॉईज

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं पहिल्यांदा कोण म्हणालं, हे परभणीत कोणाला विचारू नये. जो तो आपल्या आजोबांचं नाव सांगतो. जर्मनीनं असं काय पुण्य केलं होतं म्हणून तिची आपल्याशी जोडी लागली, याचंही उत्तर कोणाकडं नसतं. माझ्यापुरता मी एक धागा शोधून काढला आहे. जर्मनीला समुद्र आहे. त्या समुद्रात पोरपॉईज नावाचा, डॉल्फिनचा बुटका आणि बोथट तोंडाचा भाऊबंद राहतो. तो किती वेळा टिकटिक करतो हे मोजायला जर्मनांनी पाण्याखाली यंत्रं टांगून ठेवली आहेत. परभणीला समुद्र नाही. जवळात जवळचा चारेकशे किलोमीटरवर. पण त्या टिकटिकीचं सॉफ्टवेअर अपडेट होताना जो मनस्ताप व्हायचा असतो, तो आमच्या वसमत रोडवरच्या घरात पुरेपूर होतो.

त्याला कारण आमची भाची. ती सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या डॉल्फिनच्या आवाजांचा अभ्यास करते. मालवणकडची माणसं ज्याला गादा म्हणतात, तो पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन. सेलूच्या मुलीनं हे का करावं, हा प्रश्न आमच्याकडं प्रत्येक लग्नात पंगत बसली की निघतो. 1972 पासून कृषी विद्यापीठ दारात आहे, मग पोरगी समुद्राला का गेली, हे तिच्या आईचं दुःख. भाचीचं त्यावर एकच उत्तर : "आई, बोंडअळी बोलत नाही."

दिवाळीला ती दोन जोडी कपडे आणि पिशवीभर हार्ड डिस्क घेऊन येते. लॅपटॉप शिलाई मशीनवर ठेवते, कारण इन्व्हर्टरचा प्लग तिथंच आहे. मग मामीचं शिवण बंद, आणि पिको-फॉलसाठी आलेल्या शेजारणी डॉल्फिन बघून परत जातात. बघून म्हणजे काय, तर पडद्यावर काळ्या-पिवळ्या रेघा असतात. डॉल्फिन त्या रेघांत असतो असं म्हणतात.

"मामा, ऐका," म्हणून तिनं एकदा माझ्या कानाला हेडफोन लावला. शिट्टी आली, वर चढत गेलेली, शेवटी गिरकी घेतलेली. 2018 मध्ये ईशा बोपर्डीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंधुदुर्गातल्या याच डॉल्फिनच्या शिट्ट्यांचं वर्णन आणि वर्गीकरण 'मरीन मॅमल सायन्स' या नियतकालिकात छापलं आहे. शिट्ट्यांचं वर्गीकरण होतं, हे मला नवीन होतं. आमच्या तरुणपणी थिएटरात शिट्ट्यांचे वर्ग दोनच : नायिका आल्यावरची आणि लाइट गेल्यावरची.

शिट्टी निदान ऐकू तरी येते. पोरपॉईज शिट्टीच वाजवत नाही. तो नुसती टिकटिक करतो, आणि तीही 130 किलोहर्ट्झच्या आसपास. कोकणात सापडणारा, पाठीवर पर नसलेला पोरपॉईजही याच पट्टीतला. धडधाकट माणसाचा कान 20 किलोहर्ट्झला संपतो. भाचीनं आवाज दहापट सावकाश केला. म्हणजे 13 किलोहर्ट्झ. तिला ऐकू आला, मला नाही. साठी ओलांडली की कानाचा वरचा मजला आधीच रिकामा झालेला असतो. वीसपट सावकाश केल्यावर मलाही ऐकू आला, आणि खरं सांगतो, त्यासाठी एवढा खटाटोप करावा असं त्यात काही वाटलं नाही. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आता इतका उंच आवाज पकडायचा, तर यंत्राला सेकंदाला 3,84,000 नोंदी घ्याव्या लागतात. एका दिवसाच्या रेकॉर्डिंगचे 66 जीबी होतात. आमच्या घरच्या मोबाइलला रोज दीड जीबी मिळतो. सिंधुदुर्गच्या समुद्राचा एक दिवस परभणीहून पाठवायचा म्हटलं तर दीड महिना लागेल, तोही घरातल्या कोणी रील न बघता. म्हणून हार्ड डिस्क.

एवढं ऐकायला माणूस बसवणं शक्य नाही, म्हणून सॉफ्टवेअर बसवतात. ती वापरते त्याचं नाव पॅमगार्ड. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातली मंडळी ते सांभाळतात, आणि ते फुकट आहे. फुकट म्हटल्यावर सोयऱ्यांना लगेच संशय आला. मग तिनं सांगितलं, की समुद्राच्या तळाखाली तेल शोधणारी जहाजं पाण्यात मोठाले बार उडवतात. ते उडवण्याआधी आसपास डॉल्फिन-देवमासा नाही ना, हे ऐकायलासुद्धा हेच वापरतात. तेलाचं नाव निघताच संशय मिटला. तेलवाले वापरतात म्हणजे वस्तू चांगलीच असणार.

मागच्या दिवाळीत पाडव्याच्या आदल्या रात्री तिनं एक मोठी फाइल चाळायला लावली आणि झोपली. मध्यरात्री लॅपटॉपला स्वतःचंच अपडेट आठवलं. कोणाला न विचारता तो बंद झाला, चालू झाला आणि सकाळी पडद्यावर 'आम्ही तुमच्यासाठी सगळं तयार करत आहोत' अशी निळी पाटी लावून बसला. दुपारी पुन्हा सुरुवात करण्याआधी भाचीनं विचार केला, आता अपडेटच करायचं तर पॅमगार्डचंही करून टाकू. केलं. आदल्या दिवशी चाळून झालेली एक फाइल सहज म्हणून परत घातली, आणि काल जे पोरपॉईज होते त्यातले पुष्कळसे आज कोळंबी झाले.

"रात्रीतून मेले का गं?" मामी चकली तळता तळता.

"मेले नाहीत मामी. ते नव्हतेच."

"मग काल कशाला होते म्हणालीस?"

"काल सॉफ्टवेअर जुनं होतं."

मामीनं माझ्याकडं पाहिलं. लग्नात माझ्या पगाराबद्दल जे सांगण्यात आलं होतं, ते तिला आठवलं असावं.

कोळंबीचं प्रकरण खरं आहे. उबदार समुद्रात बोटभर लांबीची एक कोळंबी असते. ती आपली नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, तो फुटतो आणि कडकन आवाज होतो. अशा लाखो नांग्या दिवसरात्र चाललेल्या. त्या कडकडाटाचा वरचा भाग थेट पोरपॉईजच्या पट्टीत जातो. त्यात तळाची वाळू घसटते. त्यात होड्यांवरची मासे शोधायची यंत्रं 50 नाहीतर 200 किलोहर्ट्झवर आपली वेगळी टिकटिक करतात. या सगळ्या बाजारातून नेमका पोरपॉईज ओळखायचा, म्हणजे कुठंतरी रेघ मारावी लागते : इतकं जुळलं तर पोरपॉईज, नाहीतर नाही. अपडेटमध्ये ही रेघ सरकते. अलीकडं तर त्यात डीप लर्निंगही आलं आहे. म्हणजे रेघ कुठं मारली हे यंत्राला माहीत, आपण विचारायचं नाही.

आमच्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घरी आल्या दिवशी ते आजीवर ओरडले, की मी आठ दिवस दवाखान्यात काय गेलो, घरभर जाळ्या झाल्या! जाळ्या जुन्याच होत्या, नजर नवी होती. शास्त्रज्ञांची भीती नेमकी ही आहे. डॉल्फिन वाढले की कान सुधारला?

जर्मनांना हे चांगलं ठाऊक आहे. बाल्टिक समुद्रात 2011 ते 2013 अशी दोन वर्षं, जर्मनी धरून आठ देशांनी 304 ठिकाणी सी-पॉड नावाची यंत्रं पाण्याखाली ठेवली आणि तिथले पोरपॉईज सुमारे 500 उरले असल्याचा अंदाज काढला. ही यंत्रं इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची. सी-पॉड आवाज साठवत नाही. टिकटिक कधी झाली, किती उंच, किती लांब, एवढंच टिपून ठेवतो. त्यामुळं बॅटरी महिनोन्महिने पुरते. पण मूळ आवाजच नाही म्हटल्यावर पुढं कितीही हुशार सॉफ्टवेअर आलं तरी ते जुन्या समुद्राला पुन्हा ऐकू शकत नाही. आता त्याच्या जागी एफ-पॉड आला आहे. तो जास्त तपशील टिपतो आणि जास्त पोरपॉईज पकडतो. म्हणून शहाणी माणसं जुना आणि नवा एकाच दोरीला शेजारी शेजारी बांधून पाण्यात सोडतात, दोघांचा हिशेब ताडून बघतात आणि मगच जुन्याला निवृत्त करतात. आमच्या कचेऱ्यांत नवा माणूस रुजू व्हायच्या आत जुना पेन्शनच्या कागदांमागं गेलेला असतो, आणि कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात.

हे फक्त पाण्याखालीच होतं असं कोणी समजू नये. 2022 मध्ये हवामान खात्यानं देशाच्या मोसमी पावसाची सरासरी अपडेट केली. आधीची 1961 ते 2010 ची, 88 सेंटिमीटर. नवी 1971 ते 2020 ची, 87 सेंटिमीटर. ढग तेच, पण एका पत्रकानं एक सेंटिमीटर तूट भरून निघाली. मराठवाड्यात इतक्या स्वस्तात पाऊस पूर्वी कधी पडला नव्हता.

एक भानगड घड्याळाची. भाचीकडं स्वस्तातलं एक रेकॉर्डर आहे, हायड्रोमॉथ. बॅटरी काढली की त्याला वेळेचा विसर पडतो. पुन्हा संगणकाला जोडून वेळ लावावी लागते, आणि मुळात ते ग्रीनिचची वेळ धरून चालतं. म्हणजे मालवणात सकाळचे सहा वाजलेले असताना ते मध्यरात्रीनंतरचे साडेबारा लिहितं. साडेपाच तास मिळवायला विसरलं, की कोकणातले सगळे डॉल्फिन निशाचर ठरतात.

आता ती नियम पाळते : जुनं रेकॉर्डिंग फेकायचं नाही, प्रत्येक आकड्याशेजारी सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहायची, आणि आवृत्ती बदलली की सगळ्या जुन्या फाइली पहिल्यापासून परत चाळायच्या. यामुळं हार्ड डिस्क वाढल्या आहेत आणि शिलाई मशीन कायमचं गेलं आहे.

हे सगळं गल्लीत कळल्यापासून लोक गंगेबद्दल विचारतात. आमची गंगा म्हणजे गोदावरी. गंगाखेड तिच्याच काठी. मार्च 2025 मध्ये नदीतल्या डॉल्फिनच्या देशव्यापी मोजणीचा आकडा जाहीर झाला, 6,327. त्यातले तीन पंजाबात बियास नदीत आणि बाकी सगळे उत्तरेतल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यात. परभणीच्या वाट्याला शून्य, आणि हा शून्य कोणत्याही अपडेटनं बदलणारा नाही. तरी गंगाखेडचे एक सद्गृहस्थ हट्ट धरून आहेत, की बंगालच्या उपसागरातून एखादा डॉल्फिन वर चढून येऊ शकतो. येऊ दे की. आंध्रात धवळेश्वरमचं धरण, तेलंगणात श्रीरामसागर, मग नांदेडात बाभळी, आणि आमच्या जिल्ह्यात डिग्रस, मुळी, मुद्गल, ढालेगाव असे बंधारे ओलांडायचे. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही. बाभळीचे दरवाजे मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर या काळात उघडे ठेवतात. डॉल्फिनला निरोप द्यायचा झाल्यास तारखा नीट सांगाव्यात.