मांजराच्या घरी ख्रिसमस कॅक्टस : सक्त सूचना

झाड कोणते घ्यावे हे आधी मांजराला विचारावे. ते सापडत नसल्यास एएसपीसीए या अमेरिकी प्राणिसंस्थेची यादी पाहावी. सुरतेत उधना-दिंडोलीच्या गॅलऱ्यांतून तोऱ्यात उभी असलेली मंडळी, म्हणजे अॅडेनियम, कलांचो, फार काय आपली गुणी कोरफडसुद्धा, मांजराकुत्र्यांना विषारी आहेत. पहिली दोन तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर उठतात. ख्रिसमस कॅक्टस मात्र निर्धोक. मांजर त्याला निर्धोक आहे का, यावर यादी मौन पाळते.

कुंडी टांगावी. हे झाड ब्राझीलच्या डोंगरी जंगलात दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर राहते, त्यामुळे त्याला चक्कर येत नाही. नावात कॅक्टस आहे म्हणून मे महिन्याच्या उन्हात ठेवू नये. लालभडक होऊन रुसते. पाणी वरची माती सुकल्यावरच. नंदुरबारहून आलेल्या सासूबाई तुळशीबरोबर यालाही रोज तांब्याभर घालतील. त्यांना अडवू नये, कुंडीची भोके वाढवावीत.

आता फूल. कळी धरायला सुमारे सहा आठवडे, रोज रात्री बारा ते चौदा तास, सलग काळोख लागतो. आणि तो हवा नेमका नवरात्र-दिवाळीच्या दिवसांत. सुरतेत! समोर गरब्याचे हॅलोजन, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडव्याला घारी खात मध्यरात्रीपर्यंत जागी गल्ली, पाठोपाठ दिवाळीच्या माळा. तेव्हा कुंडी खाली उतरवावी आणि कापड मार्केटमधून साड्यांचे रिकामे खोके आणून संध्याकाळी सहा ते सकाळी आठ झाडावर उपडे घालावे. खोके दिसताच मांजर हजर होईल. त्याला दुसरे द्यावे. त्याला पहिलेच हवे असेल. तिसरे आणावे. वर वजन ठेवण्याची गरज नाही, वजन स्वतःच येऊन बसते. मोबाइलचा टॉर्च लावून ‘कळी आली का’ पाहणाऱ्या मुलांना मामाकडे पाठवावे.

थोडा गारवाही लागतो, पण ऑक्टोबरात तो कुठून आणणार? म्हणून नाताळचा हट्ट धरू नये. उत्तरायणाला फुलले तरी वेळेवर समजावे. कळ्या दिसल्यावर मात्र कुंडी जागची हलवू नये, टपाटप गळतात.

फुलले की शेजारच्या बेन ‘कयुं खातर नाख्युं?’ (कोणते खत घातले?) विचारत येतील आणि तुकडा मागतील. दोन-तीन पेरांचा पिळून काढून द्यावा, दोन दिवस सावलीत सुकवून लावायला सांगावा. खोक्याचे त्यांना नवरात्रात कळेल.