होकारवीर

वाकडच्या कुठल्याही सोसायटीत एक तरी होकारवीर राहतोच. वय तिशीच्या आगेमागे, काम जावाचं नाहीतर टेस्टिंगचं, डोक्यावर टू-बीएचकेचा हप्ता. ओळखायची खूण सोपी आहे. फोन वाजला की तो गॅलरीत जातो, दार ओढून घेतो आणि आतल्या माणसांना काचेतून फक्त त्याची होकारार्थी हलणारी मान दिसते. ऐकूही येतंच म्हणा : "येस मॅम. हंड्रेड पर्सेंट जॉइन करतोय मॅम. एकदा कमिट केलं की केलं." तेच कमिट त्याने मंगळवारी एका मॅमना केलेलं असतं आणि गुरुवारी एका सरांना करायचं असतं.

हा मुळात लबाड नाही. त्याला घडवलं नव्वद दिवसांच्या नोटिस पीरियडने. माणसं पटकन सोडून जाऊ नयेत म्हणून कंपन्यांनी तीन महिन्यांची अट घातली. झालं असं की तीन महिने थांबायला कुणी तयार नाही; प्रत्येकाला हवा असतो 'इमिजिएट जॉइनर', म्हणजे शेजारच्या कंपनीने आधीच सोडलेला माणूस. मग होकारवीर काय करतो, हाताला लागेल ती पहिली ऑफर घेतो, तिच्या जिवावर राजीनामा टाकतो आणि नोकरी डॉट कॉमवर आपल्या नावापुढे 'सर्व्हिंग नोटिस' असं लिहितो. कालपर्यंत ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्याच्या फोनची बॅटरी दुपारी दोनला संपायला लागते. पहिली ऑफर राजीनाम्यापुरती, दुसरी पहिलीचा भाव समजण्यापुरती. खरी असते ती तिसरी, पण तेही चौथी येईपर्यंत.

२०२१-२२ हा त्याचा सुवर्णकाळ. २०२२च्या जूनअखेर एकट्या इन्फोसिसचा गळतीचा दर २८.४ टक्के होता, म्हणजे वर्षभरात चारातला एकाहून जास्त माणूस उठून गेला. हे सगळे कुठे जात होते? एकमेकांच्या खुर्च्यांवर. त्या दिवसांत होकारवीराला सीटीसीच्या कागदातला ग्रॅच्युइटीचा आकडा कसा वजा करायचा, व्हेरिएबल किती खोटा धरायचा आणि जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत जातो की नाही, हे सगळं चहा उकळेपर्यंत तोंडी सांगता येई. दहावीला गणितात काठावर सुटलेला मुलगा हा!

त्याचे वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना आयुष्यात एकच नेमणूकपत्र आलं आणि ते अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या खाली आहे. मुलाचा कारभार त्यांनी दोन दिवस ऐकून घेतला आणि म्हणाले, "खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, ते ठाऊक आहे मला. पण तीन गाड्यांत रुमाल टाकणारा पॅसेंजर मी बघितला नव्हता." मुलगा म्हणाला, "बाबा, मार्केट असंच आहे." वडिलांनी पेपर उघडला.

नकार कळवायची वेळ आली की मात्र होकारवीराची प्रतिभा फुलते. त्याची आजी साताऱ्याजवळ गावी असते. पहाटे उठते, दोन भाकऱ्या खाते, शेजारणीशी बांधावरून भांडते. नातवाने तिला एका वर्षात दोनदा आयसीयूत ठेवली आहे. तिसऱ्या वेळी मॅमनी आस्थेने हॉस्पिटलचं नाव विचारलं, तेव्हापासून त्याने आजीला घरी सोडलं आणि कारणं बदलली. वाकडहून खराडी लांब पडतं, हा शोध त्याला जॉइनिंगच्या आदल्या रात्री लागतो. मुलाखतीच्या चार फेऱ्या झाल्या तेव्हा खराडी बहुधा औंधला होती. कधी सासरे परवानगी देत नाहीत. त्याचं लग्न व्हायचंय, ही बाब त्या मेलपुरती बाजूला.

तो मेल रविवारी रात्री पावणेबाराला जातो. 'अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव' अशी सुरुवात, शेवटी 'भविष्यात एकत्र काम करायला आवडेल.' मग फोन बंद, व्हॉट्सॲपवरचा फोटो गायब. सोमवारी सकाळी तिकडे त्याच्या नावाचा लॅपटॉप टेबलावर तयार असतो आणि हा तिसऱ्याच इमारतीत गळ्यात पट्टा घालून फोटोसाठी हसत असतो. एकदा तर लॅपटॉप कुरिअरने घरी आला होता. तो परत पाठवताना याने खोका जरा जास्तच नीट बांधला, एवढीच काय ती माफी.

मला त्याचा राग येतो तो इथेच. चार लाख जास्त मिळतायत, हे एकच कारण खरं आणि सभ्य आहे, आणि नेमकं तेच सांगायची त्याला लाज वाटते. खरं तर घाबरण्यासारखं फार काही नाही. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३ सालचा आहे आणि अशा करारात न्यायालय कुणाला हात धरून खुर्चीत बसवत नाही. कंपनी नुकसानभरपाई मागू शकते, पण एका टेस्टरसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढायला कोण बसलंय? पंधरा दिवस आधी स्पष्ट सांगितलं, तर दुसऱ्या कुणाला तरी ती जागा मिळेल. पण स्पष्ट बोलायचं म्हणजे समोरच्याचं 'अच्छा' ऐकावं लागतं. त्यापेक्षा आजी बरी.

मॅमही काही भोळ्या नसतात. तीन जागांसाठी त्या पाच जणांना ऑफर देतात, कारण दोघं पळणार हे त्यांना पाठ असतं. पंचाईत होते ती पाचही आले तर. २०२२ सरता सरता तेच झालं. परदेशातली कामं आटली, पळणारे पळेनात, आणि कंपन्यांनी हातात पत्रं असलेल्या मुलांच्या तारखा पुढे ढकलायला सुरुवात केली. काहींची पत्रं सरळ मागे घेतली.

होकारवीराला तो मेल शुक्रवारी संध्याकाळी आला. 'अपरिहार्य व्यावसायिक कारणास्तव' अशी सुरुवात होती, शेवटी 'भविष्यात एकत्र काम करायला आवडेल.' जुनी नोकरी सुटलेली, बाकीच्या दोन ऑफरना आजीच्या नावावर नकार गेलेला. तो गॅलरीत न जाता हॉलमध्येच ओरडला, "अरे, दिलेल्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? शेवटच्या क्षणी सांगतात?"

वडिलांनी पेपरातून डोकं वर केलं नाही.

त्याने मॅमना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. व्हॉट्सॲपवर बघितलं, तर फोटो गायब. दहा दिवसांनी अनोळखी नंबरवरून त्याच आवाजाचा फोन आला : त्यांनी कंपनी बदलली होती, तीस टक्के वाढ, आणि इकडे एक जागा आहे, इंटरेस्ट आहे का?

"येस मॅम," हा म्हणाला आणि दार ओढून घेतलं.