गरीवाले साहेब

कोकणातल्या कुठल्याही खाडीवर संध्याकाळी जा, हे गृहस्थ भेटतातच. दाभोळला भेटतील, भाट्याला भेटतील, कालावललाही भेटतील. आपण सोयीसाठी त्यांना कर्लीच्या काठावर उभं करू. मुंबईत उभी हयात नोकरी, निवृत्तीनंतर वडिलोपार्जित जागेत चिऱ्याचं घर, आणि घरामागे उतरणीला खाडी. मासे खायची सवय जन्मापासूनची, धरायची हौस साठीनंतरची. आजवर त्यांचा माशाशी संबंध आला तो पाटीतल्या. कल्ला उघडून बघायचा, डोळा बघायचा, भाव पाडायचा. पाण्यातल्या माशाचा कल्ला बघता येत नाही आणि तो भावही करू देत नाही, हे त्यांना इथे आल्यावर कळलं. गावात त्यांचं पाळण्यातलं नाव कुणाला ठाऊक नाही. ‘गरीवाले साहेब’ म्हटलं की पोस्टमनसुद्धा बरोबर पोचतो.

साहेबांची तयारी बघण्यासारखी असते. गावातला माणूस गरवायला निघतो तेव्हा त्याच्या हातात एक फळकूट असतं. त्याला गुंडाळलेली तंगूस, टोकाला शिसं, शिशाच्या वर गरी, आणि खिशात कागदात बांधलेल्या चार करंद्या. साहेबांकडे घडीचा रॉड असतो, जपानी रील असतं आणि बारा खिशांचं जाकीट असतं. त्यातल्या कुठल्या खिशात काय आहे हे फक्त वहिनींना माहीत, आणि त्या घरी. रबराचे रंगीत खोटे मासे तर इतके, की खाडीतल्या खऱ्या माशांनी बघितलं तर पाहुणे आले म्हणून बाजूला सरावं. पहिली फेक नेमकी मागच्या चिप्याच्या झाडात अडकते. कांदळवनाची फांदी तोडायला बंदी आहे, हे साहेबांनीच आदल्या दिवशी पारावर सगळ्यांना समजावलेलं असतं. त्यामुळे ते गुडघाभर चिखलात उतरून एकेक पान बाजूला करत गरी सोडवतात. गरी सुटते. डावी चप्पल तिथेच राहते.

मग भरतीचं शास्त्र. साहेबांच्या मोबाईलवर भरतीचा तक्ता आहे, मिनिटासकट. काठावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे तिथी आहे. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते. षष्ठी असेल तर साडेचार, अष्टमीला सहा, अमावास्येला आणि पुनवेला बाराच्या सुमारास. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास मागे पडतो आणि पाणी त्याच्या मागोमाग जातं, एवढंच त्यातलं गणित. साहेबांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, तक्त्याशी ताडून पाहिलं आणि ‘तुमचं बरोबर आहे’ असा दाखला म्हाताऱ्याला दिला. म्हाताऱ्याने विडी पेटवली. त्याने सांगितलं नाही ते इतकंच, की ही वेळ खाडीच्या तोंडाची. आत वळणावर पाणी उशिरा चढतं. साहेब तक्त्याप्रमाणे हजर होतात तेव्हा पाणी अजून वाटेतच असतं, आणि ते खरंच चढायला लागतं तेव्हा साहेब ‘आज काही दम नाही’ म्हणत रॉडची घडी करत असतात.

साहेबांचा खरा घोळ मात्र वेगळाच. ते विचारतात. ऑफिसात कुणालाही काहीही विचारलं की उत्तर मिळायचं, निदान टिपण तरी मिळायचं. खाडीवरही ते त्याच विश्वासाने विचारतात, ‘इथे तांबोशी कुठे लागते हो?’ आता तांबोशीची जागा म्हणजे काय पोस्टाची पेटी आहे? बापाने मुलाला दाखवायची, तीही मुलगा पोटचा असला तर. तरी कोणी साहेबांना तोंडावर नाही म्हणत नाही. ‘हय काय गावाचा नाय, थय पुलाकडे जावा,’ असं अदबीने सांगतात. पुलाकडचे म्हणतात, ‘जेटीर जावा.’ जेटीवरचे म्हणतात, ‘भोगव्याच्या बाजूक बघा.’ साहेबांची खाडीची भौगोलिक माहिती अशी झपाट्याने वाढत जाते. पिशवीचं वजन तेवढं वाढत नाही.

पिशवीत पहिली येते ती शेंगटी. नवशिक्याला ती हमखास लागते. शेंगटीच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असा काटा असतो, त्यात विष असतं आणि ती ते मोकळ्या मनाने देते. साहेब जाकिटात पक्कड शोधतात. आठव्या खिशात ती सापडेपर्यंत अंगठा सुजलेला असतो. शेजारी बसलेला पोरगा न बोलता उठतो, शेंगटीवर पायातली चप्पल ठेवतो, गरी काढतो आणि पुन्हा आपल्या जागेवर बसतो.

माशांनी दाद दिली नाही की साहेब कुर्ल्यांकडे वळतात. कुर्लीला चातुर्य नको, फक्त जाळ्याची कडी आणि मध्ये बांधलेलं मोरी माशाचं डोकं, असा त्यांचा समज. कुर्ली येते, खरंच येते, जाळ्यात बसते आणि मनापासून खाते. पुढचा प्रश्न तिला जाळ्यातून काढायचा. जाणता माणूस तिला मागून, शेवटच्या पायांच्या बुडाशी पकडतो. तिथे डेंगे पोचत नाहीत. मग दोन्ही डेंगे आत दुमडायचे, सुतळीचा एक वेढा पुढून, एक कवचावरून, आणि पोटाखाली गाठ. हे सगळं एका श्वासात व्हावं लागतं. साहेब दुसरा श्वास घेतात. तेवढ्यात कुर्लीने जाकिटाचा खिसा धरलेला असतो, आणि धरलेलं सोडायची तिला सवय नाही. शेवटी साहेब जाकीट काढून, कुर्लीसकट हातात धरून घरी जातात. वाटेत लोक नमस्कार करतात.

घरी वहिनी कुर्ली उलटी करतात. पोटावरची झडप निमुळती, म्हणजे नर. बोटाने कवच दाबलं तर आत जातं. नुकतीच कात टाकलेली, आत नुसतं पाणी. ‘पुनवेच्या कुर्लीत काय असणार?’ वहिनी म्हणतात. त्या गावातल्याच. त्यांनी हे आधी का सांगितलं नाही, असं साहेब विचारत नाहीत. त्या रात्री जेवणात कोळंबीचं कालवण होणार होतं, पण ती कोळंबी साहेबांनी सकाळीच गरीला लावून संपवलेली असते.

पावसाळ्यात साहेबांना कायदा आठवतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, असं ते खाडीत मुळे, म्हणजे शिंपले, वेचणाऱ्या आजीला सांगायला जातात. आजी कमरेतून सरळसुद्धा होत नाही. ‘बंदी मशीनवाल्या होड्यांक. माका खय मशीन आसा?’ साहेब 1981 चा अधिनियम घरी जाऊन पुन्हा वाचतात. आजी बरोबर असते. नारळी पौर्णिमेपर्यंत साहेब तिच्या वाटेला जात नाहीत.

दोन-तीन पावसाळे गेले की साहेब हळूहळू सुधारतात. जाकीट पेटीत जातं, रॉड नातवाला दिला जातो, हातात फळकूट येतं. तोंडात ‘ओहोटी’ऐवजी ‘सुकती’ येते. अंडी धरलेली कुर्ली ते पाण्यात सोडून देतात, कारण तिला अंडी सोडायला समुद्राकडे जायचं असतं. आणि एका वळणावर, कांदळाच्या मुळांपाशी, त्यांना एक तांबोशी लागते. तळहातापेक्षा थोडी मोठी, पण तांबोशी.

त्या दिवसापासून साहेबांची एक जागा होते. तिथे ते अंधार पडता पडता जातात, वाट वाकडी करून. कोणी समोर आलं तर तंगूस मागे लपवतात. शेजारच्या घरात नुकतेच राहायला आलेले एक गृहस्थ, नवा कोरा रॉड घेऊन, परवा विचारत होते, ‘काका, इथे तांबोशी कुठे लागते?’

‘हय काय गावाचा नाय,’ साहेब म्हणाले. ‘थय पुलाकडे जावा.’

आपली जागा साहेबांनी अजून वहिनींनासुद्धा सांगितलेली नाही. गावात तशी ती सगळ्यांना माहीत आहे. पण तिकडे कोणी फिरकत नाही. त्या वळणावर मासा नसतो हेही गावाला माहीत आहे.